तोंड उघडण्याचा संकोच : दंतोपचारांविषयीच्या भयाचा एक अभ्यास

दुखणे अंगावर काढणे ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे. त्यातही सर्वांत अधिक काळ अंगावर काढले जाणारे दुखणे दाताचे होय. ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर घरातील मंडळी रुग्णाला दवाखान्यात नेतात. दाढ मात्र महिनोन्महिने ठणकत राहते. लवंगेचे तेल लावून, दुकानातून वेदनाशामक गोळी आणून, दुसऱ्या बाजूने चावून दिवस ढकलले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना मुखाचा कोणता ना कोणता विकार आहे. यातील बहुतेक विकार टाळता येण्याजोगे, आणि लवकर लक्षात आल्यास थोडक्यात बरे होणारे असतात. तरीही रुग्ण उशिरा येतो. तो का उशिरा येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शेलार व भिवंडी परिसराच्या संदर्भात पहिले उत्तर सहज सुचते, ते म्हणजे पैसा आणि वेळ. यंत्रमागावरील कामगाराची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते, आणि पाळी बहुधा बारा तासांची असते. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मिळकत बुडाली. हे कारण खरे आहे व ते नाकारण्यात अर्थ नाही. तथापि तेवढ्याने कोडे सुटत नाही. ज्यांना पैशाची अडचण नाही, ज्यांच्या घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, अशी सुशिक्षित माणसेही दंतवैद्याकडे जाण्याचे वर्षानुवर्षे टाळतात. पैसा व वेळ यांच्या खाली आणखी दोन कारणे दडलेली असतात आणि ती कोणी बोलून दाखवीत नाही. एक भय आणि दुसरे लाज.

भय कोठून आले?

दंतोपचारांचे भय हे अडाणीपणाचे लक्षण मानणे अन्यायाचे ठरेल. त्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दात काढणे म्हणजे पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसाचा दात चिमट्याने उपटणे होते. रुग्णाच्या या यातना पाहूनच काही दंतवैद्य उपायाच्या शोधास लागले. अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचाच दात काढवून घेतला. विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथील रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी ईथरचा यशस्वी प्रयोग करून दाखविला. आज प्रत्येक शस्त्रक्रियागृहात दिली जाणारी भूल ही अशा रीतीने बऱ्याच अंशी दंतवैद्यांची देणगी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढे १९४३ मध्ये स्वीडनमधील नील्स लॉफग्रेन यांनी आपण ज्याला लिग्नोकेन म्हणतो ते औषध तयार केले, आणि १९४८ पासून ते वापरात आले. आज हिरडीत दिले जाणारे भुलीचे इंजेक्शन बहुधा याच औषधाचे असते. दात कोरण्याचे यंत्र पूर्वी पायाने चालवीत असत. ते सावकाश फिरे व डोके हादरून निघे. १९५७ नंतर हवेच्या दाबावर मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेणारे यंत्र प्रचारात आले आणि तासाचे काम मिनिटांवर आले.

आपल्या देशात प्रशिक्षित दंतवैद्य गावोगावी पोहोचण्यास मात्र बराच काळ लागला. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ मधील आहे. तोवर, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून दात उपटणाऱ्याखेरीज सामान्य माणसाला दुसरा आधार नव्हता. आपल्या आजी-आजोबांनी दात काढण्याच्या ज्या कथा सांगितल्या, त्या त्यांच्या काळी खऱ्याच होत्या. उपचार बदलले, परंतु कथा तशाच राहिल्या. आणि नातवाने खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्या त्याच्या मनात जाऊन बसल्या.

भयाचे आणखी एक मूळ आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात कामगार एकमेकांशी खुणांनी बोलतात, इतका तो आवाज मोठा असतो. त्या आवाजात आयुष्य काढणारा माणूस दंतवैद्याच्या लहानशा यंत्राच्या शीळेने घाबरतो, याचे नवल वाटते. पण मागावर माग थांबविण्याचा दांडा त्याच्या स्वतःच्या हाती असतो. दंतवैद्याच्या खुर्चीत तो उताणा असतो, तोंड उघडे असते, बोलता येत नाही, आणि काय चालले आहे ते दिसत नाही. आपल्या हाती काही उरले नाही ही भावना वेदनेपेक्षाही अधिक घाबरविते. ही गोष्ट ध्यानात आली की उपायही सापडतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

लाज : न सांगितले जाणारे कारण

भय निदान कधीतरी बोलून दाखविले जाते. लाज मात्र मनातच राहते. दातांवर कीटण साचले आहे, तोंडास दुर्गंधी येते, पुढचे दात किडले आहेत, मिश्रीने हिरड्या काळ्या पडल्या आहेत. डॉक्टरांनी हे पाहिले तर ते काय म्हणतील? रागावतील, नाक मुरडतील, ‘इतके दिवस काय करीत होता?’ असे चारचौघांत विचारतील. या कल्पनेनेच माणूस पायरीवरून परत फिरतो. हसताना तोंडावर हात वा पदर धरणारी, छायाचित्र काढताना ओठ मिटून घेणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

मिश्रीचे उदाहरण विशेष बोलके आहे. अनेक स्त्रियांची मिश्रीची सवय दातदुखीपासूनच सुरू झालेली असते. दाढ दुखू लागली की शेजारीण किंवा सासूबाई चिमूटभर मिश्री लावण्यास सांगतात. तंबाखूने थोडा वेळ बधिरपणा येतो, दुखणे विसरले जाते, आणि सवय मात्र कायमची जडते. पुढे त्याच मिश्रीने दात काळे पडतात व हिरड्या झिजतात. मग दंतवैद्याकडे जाण्यास लाज वाटते, आणि ज्या दाढेपासून हे सारे सुरू झाले ती दाढ तशीच किडत राहते. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखू किंवा सुपारी धरणाऱ्या कामगाराची कथाही निराळी नाही. या माणसांस सवयीबद्दल दोष देऊन काही साधत नाही. दोष दिला की ती सवय लपविली जाते, आणि लपविलेल्या सवयीवर उपचार करता येत नाहीत.

उशिराने भय खरे ठरते

भयाचे सर्वांत मोठे दुर्दैव असे, की ते माणसाकडून उशीर करविते आणि उशिरामुळे स्वतःच खरे ठरते. दाताची कीड वरच्या कठीण थरात असताना ती साफ करून भरल्यास बहुधा इंजेक्शनचीही गरज पडत नाही. कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली, की रूट कॅनालचे उपचार करावे लागतात. मुळाशी पू धरल्यावर सूज येते. अशा सुजलेल्या भागात आम्लता वाढलेली असते व तेथे भुलीचे औषध पुरेसे काम करीत नाही. त्यामुळे अगदी शेवटच्या क्षणी आलेल्या रुग्णाला अधिक दुखते. तो घरी जाऊन सांगतो, ‘मी म्हणत होतोच, फार दुखते.’ त्याचे ऐकून आणखी चारजण आपले जाणे पुढे ढकलतात. हे दुष्टचक्र तोडण्याचा मार्ग एकच आहे : दुखत नसताना जाणे.

उशिराची याहूनही मोठी किंमत मुखाच्या कर्करोगाच्या रूपाने मोजावी लागते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य लोक धूरविरहित, म्हणजे चघळण्याच्या वा लावण्याच्या तंबाखूचे सेवन करणारे होते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सवय बंदीने संपत नाही. मुखाच्या कर्करोगाआधी बहुधा खुणा दिसतात : न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट खाताना होणारी आग, हळूहळू कमी उघडणारे तोंड. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात का, हे प्रत्येकाने घरी पाहावे. मावत नसतील, तर सुपारी वा गुटख्याने गालाची आतील त्वचा ताठर होत असण्याची शक्यता असते.

या खुणा शोधण्यास सुई लागत नाही, यंत्र लागत नाही. केवळ उजेड आणि पाहणारा डोळा लागतो. आपल्याच राज्यात याचा मोठा दाखला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतवैद्य डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखाची तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे, कधीही दंतवैद्य न पाहिलेले एक लाखाहून अधिक लोक तपासणीसाठी तोंड उघडण्यास तयार झाले, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. पुढे केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून अशाच तपासणीचा दीर्घ अभ्यास झाला. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी ठरावीक वर्षांनी लोकांच्या घरी जाऊन मुखाची पाहणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू वा मद्याचे सेवन करणाऱ्यांत मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अशा पाहणीमुळे सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. केवळ तोंड उघडून दाखविल्याने जीव वाचतो, असे यापुढे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल; झाकलेले तोंड मात्र फार महाग पडते.

आपले भय किती, हे कसे ओळखावे?

दंतोपचारांच्या भयाचे मोजमाप करण्याची पद्धत नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये मांडली. तिच्या १९९५ मधील सुधारित रूपात पाच प्रश्न आहेत. वाचकांनी ते स्वतःस विचारून पाहावेत :

१. उद्या दंतवैद्याकडे जावयाचे आहे, असे कळल्यास मला कसे वाटेल?
२. बाहेरच्या खोलीत आपली पाळी येण्याची वाट पाहताना कसे वाटेल?
३. दात यंत्राने कोरला जाणार असेल तर?
४. दातांवरील कीटण काढून सफाई होणार असेल तर?
५. हिरडीत इंजेक्शन दिले जाणार असेल तर?

प्रत्येक उत्तरास, अजिबात भीती वाटत नसल्यास एक गुण, आणि अत्यंत भीती वाटत असल्यास पाच गुण द्यावेत. मधल्या पायऱ्यांना दोन, तीन व चार. एकूण १९ किंवा त्याहून अधिक गुण झाल्यास भय तीव्र समजावे. अशा व्यक्तीने उपचार सोडून द्यावयाचे नाहीत. तिने हा कागद दंतवैद्याच्या हाती द्यावा. तोंडाने सांगण्यास जी गोष्ट जड जाते, ती पाच आकडे सांगून टाकतात, आणि कोणत्या पायरीवर अधिक जपावयाचे हे दंतवैद्यास कळते.

रुग्णाने काय करावे?

पहिली भेट केवळ तपासणीसाठी ठेवावी. ‘आज फक्त पाहा, काही करू नका,’ असे सांगण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. आरसा तोंडात घालून पाहण्यास दुखत नाही, आणि एकदा खुर्चीची ओळख झाली की दुसरी भेट सोपी जाते.

आत गेल्यावर पहिले वाक्य भयाचे किंवा लाजेचे असावे. ‘डॉक्टर, मला फार भीती वाटते,’ किंवा ‘दात दाखवायला लाज वाटते,’ एवढे पुरे. दंतवैद्याने दिवसभरात याहून वाईट दात पाहिलेले असतात. त्यास घाण दिसत नाही, आजार दिसतो.

खूण ठरवून घ्यावी. डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबावयाचे. मागाच्या दांड्याप्रमाणे थांबविण्याचे साधन आपल्या हाती आले, की मनावरील निम्मा ताण उतरतो. बहुतेक रुग्णांना हात वर करण्याची वेळही येत नाही. करता येतो, एवढे ठाऊक असणे पुरते.

शक्य तर सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे दिवसभर धास्ती बाळगावी लागत नाही. उपाशीपोटी जाऊ नये. हलके खाऊन जावे. यंत्र चालू असताना श्वास नाकाने सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण, औषधाची ॲलर्जी यांपैकी काहीही लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दोन्ही डॉक्टरांस विचारावे. तंबाखू व मिश्री यांविषयीही खरे सांगावे. दुखऱ्या दाताशी ॲस्पिरिनची गोळी किंवा तंबाखू दाबून धरू नये. त्याने हिरडी पोळते. जबड्याची सूज गळ्याकडे उतरली, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, तर मात्र वेळ न घालविता रुग्णालय गाठावे. ती जिवावर बेतणारी अवस्था असते.

काही रूढ गैरसमज

वरचा दात काढल्याने दृष्टी अधू होते, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. डोळ्याला दृष्टी देणारी नस आणि दातांच्या संवेदना वाहणारी नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत. दात काढण्याची व चष्मा लागण्याची वेळ एकाच वयात येते, म्हणून हा संबंध जोडला गेला असावा.

कीटण काढल्याने दात हलू लागतात, असेही म्हटले जाते. कीटणाने हिरडी व हाड आधीच झिजलेले असते, आणि साचलेल्या थरामुळे ते जाणवत नाही. थर निघाल्यावर खरी स्थिती कळते. तो तसाच ठेवल्यास दात पुढे आपोआप पडतात.

दुधाचे दात पडणारच, मग त्यांवर उपचार कशाला, असा तिसरा प्रश्न असतो. दुधाच्या काही दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तेवढी वर्षे मुलाने नीट चावावयाचे असते, आणि खालून येणाऱ्या दातासाठी जागाही त्याच राखून ठेवतात.

कुटुंबीयांची जबाबदारी

‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील,’ हे वाक्य घराघरांतून ऐकू येते. धाक म्हणून उच्चारलेले हे शब्द मूल मोठेपणीही विसरत नाही. मुलासमोर आपल्या दात काढण्याच्या कथा रंगवून सांगू नयेत. ‘मुळीच दुखणार नाही,’ असे खोटे आश्वासनही देऊ नये. एकदा फसलेले मूल पुन्हा विश्वास ठेवीत नाही. ‘थोडे टोचेल, मग बधिर होईल,’ हे खरे सांगणे अधिक उपयोगी. लहान मुलांच्या दंतोपचारांत ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही पद्धत १९५९ पासून रूढ आहे. घरातील मंडळींनीही तीच वापरावी.

वृद्ध माता-पित्यांच्या बाबतीत ‘आता या वयात दात कशाला?’ असा विचार होतो. दात नसलेला वृद्ध भाकरी सोडून पेज-वरणावर येतो, अशक्त होतो, आणि बोलण्याची लाज वाटून चारचौघांत बसेनासा होतो. चांगली बसणारी कवळी त्यास जेवणही देते आणि माणसेही परत मिळवून देते. घरातील स्त्रीच्या दातदुखीकडे तर सर्वांत शेवटी लक्ष जाते. तिला ‘जाऊन ये’ असे सांगण्यापेक्षा तिच्याबरोबर जाणे हा खरा आधार होय.

रुग्णालय व दाते यांचे कार्य

मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय व नायर दंत महाविद्यालय येथे अल्प खर्चात उपचार होतात. परंतु शेलारहून तेथे जाऊन येणे म्हणजे पूर्ण दिवसाचा खाडा, आणि रूट कॅनालसारख्या उपचारांना अनेक फेऱ्या लागतात. म्हणूनच गावाजवळच्या धर्मादाय रुग्णालयातील एका खुर्चीचे मोल मोठे असते. मात्र खुर्ची व यंत्रे विकत घेता येतात, विश्वास विकत घेता येत नाही. तो स्वागतकक्षापासून घडवावा लागतो.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. तक्रार चारचौघांत न विचारता आडोशाला विचारणे. पाळी सुटल्यावर येता यावे अशी सायंकाळची वेळ. मराठीबरोबर हिंदी व तेलुगू बोलणारा एखादा सेवक, कारण यंत्रमाग कामगारांत या भाषा बोलणारे अनेकजण आहेत. उपकरणे निर्जंतुक केल्याचे रुग्णाला दाखविण्याची पद्धत. कारखान्यांत व वस्त्यांत जाऊन मुखतपासणी, आणि तपासणीत दोष आढळलेल्या व्यक्तीचा उपचार पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा. शिबिरात किती जणांना तपासले, यावर शिबिराचे यश मोजू नये. त्यांपैकी किती जण पुढे उपचारास आले, यावर ते मोजावे. देणगीदारांनी एखाद्या यंत्राइतकेच या पाठपुराव्याला, म्हणजे एखाद्या आरोग्यसेविकेच्या वेतनाला, साहाय्य केले तर त्याचे फळ अधिक मिळेल. तिरुवनंतपुरमच्या अभ्यासाचा धडाही तोच आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र पैशाविना पाळता येतो. ‘इतके दिवस काय करीत होता?’ हा प्रश्न रुग्णालयात कोणीही विचारू नये. उशिरा आलेला रुग्ण आपल्या भयावर व लाजेवर मात करून आलेला असतो. त्याचे ‘बरे झाले आलात’ या शब्दांनी स्वागत झाले, तर तो पुन्हा येईल, आणि येताना आणखी एकाला बरोबर घेऊन येईल. भयाची कथा जशी घरोघरी पोहोचली, तशीच ही कथाही पोहोचेल.

सुज्ञ वाचकांना एवढीच विनंती आहे. हा अहवाल मिटण्यापूर्वी आपल्या घरात कोण एका बाजूने चावते, कोण हसताना तोंड झाकते, कोणाची जखम बरेच दिवस भरलेली नाही, याचा विचार करावा. आणि दुखणे सुरू होण्याची वाट न पाहता त्या व्यक्तीस या आठवड्यात तपासणीसाठी घेऊन यावे.